झुलत्या पुलापलीकडचं माहेर

मागच्या महिन्यात आम्ही बचत गटातल्या नऊ जणी निघोजला जाऊन आलो. गाव पारनेर तालुक्यातलं. गावापासून थोडं पुढे गेलं की कुकडी नदी लागते. पलीकडच्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा सुरू.

इथली नदी आपल्या ओळखीच्या नदीसारखी नाहीच. काळ्या पाषाणात खोल चर पडलेली आणि तिच्यात रांजणाएवढे गोल खड्डे. म्हणून यांना रांजणखळगे म्हणतात. पुरात दगडगोटे भोवऱ्यात सापडतात, एकाच जागी गरगर फिरतात आणि खडक कोरत जातात. हजारो वर्षं हे दळण चाललंय. फक्त इथे जातंच झिजतं!

या चरीवर पूल आहे तो टांगलेला. दोन्ही काठांना पक्के बांधलेले पोलादी दोर आणि त्यांवर पायी जाण्यापुरती अरुंद वाट. पुढची चालली की मागचीच्या पायाखाली हेलकावा येतो. मध्यावर जाऊन खाली पाहिलं, तेव्हा आमची बडबड आपोआप थांबली.

दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं आहेत. तिथे ओटीचं सामान विकणाऱ्या एक ताई भेटल्या. माहेर टाकळीकडचं, सासर निघोजचं. म्हणाल्या, "माहेरी मी अर्ध्या तासात पोचते, पण माझा दाखला तिकडून इकडे यायला चार महिने लागले." जिल्हा बदलला की कागद परके होतात. त्यातून २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आता जुन्या कागदांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरं. लग्न होऊन जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या मुलीचे जन्माचे, शाळेचे, जातीचे दाखले लग्नाआधीच काढून तिच्या हाती द्या, हे त्या ताईंनी आम्हाला दोनदा बजावलं.

जायचं तर दिवाळीनंतर जा, तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि खळगे नीट दिसतात. पण कडेवर शेवाळ असतं, पाणी साचलेल्या खळग्याची खोली वरून कळत नाही, आणि आत घसरलं तर गुळगुळीत दगडाला धरायला काहीच नाही. पोरांचे हात सोडू नका. पावसाळ्यात लांबूनच बघा.

पलीकडच्या देवीची ओटी आम्ही सहा जणींनी भरली. तिघींनी पुलाला लांबूनच हात जोडले.