मिळकतीचे वाचन



आपल्या शाळांतून आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवले जाते, नववी-दहावीच्या गणितात अर्थनियोजन नावाचे स्वतंत्र प्रकरण असते, आणि मुले त्यातील आयकराची व शेअरची उदाहरणे बिनचूक सोडवून गुणही मिळवतात. परंतु तोच मुलगा नोकरीला लागून चार पैसे गाठीस बांधतो, आणि शहराबाहेर हमरस्त्यालगतच्या एखाद्या पताका लावलेल्या माळावर ‘दोन गुंठे घेऊन ठेवा, पाच वर्षांत दुप्पट होतील’ असे सांगणारा गृहस्थ त्याच्यापुढे उभा राहतो, तेव्हा त्या गणिताचा त्याला फारसा उपयोग होत नाही. कारण तेथे प्रश्न व्याजाच्या दराचा नसून आपण नेमके काय विकत घेत आहोत, हा असतो. स्थावरात पैसा गुंतवण्याची विद्या तरुणांना द्यायची असेल, तर तिचा आरंभ नफ्याच्या हिशेबापासून न करता दस्तऐवजाच्या वाचनापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन गुंठ्यांचेच पाहा. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व तितकीच रुंद अशी 1,089 चौरस फूट जागा. असे 40 गुंठे मिळून एक एकर होतो. पुष्कळदा असे घडते की, विकली जाते ती शेतजमीन, आणि तीही अविभाजित हिश्श्याच्या रूपाने. सर्व खरेदीदारांची नावे एकाच सामाईक सात-बाऱ्यावर एकाखाली एक चढतात, आणि रस्ते, बगिचा व प्लॉटचे क्रमांक दाखवणारा जो रंगीत नकाशा त्यांना दिलेला असतो, त्याचा भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत मागमूसही नसतो. आपण सतराव्या प्लॉटचे धनी झालो असे ज्याला वाटते, तो कागदोपत्री अनेक अपरिचितांचा सहहिस्सेदार झालेला असतो. शिवाय 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 सर्वसाधारणपणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि 1947 चा तुकडेबंदीचा कायदाही आडवा येऊ शकतो, हे त्या माळावर कोणी सांगत नाही.

आता सात-बारा उतारा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, हे खेड्यातील मुलाला ऐकून ठाऊक असते, शहरातील मुलाला बहुधा नसते. मात्र दोघांनाही तो वाचावा कसा, हे कोणी शिकवलेले नसते. भूधारणा ‘भोगवटादार वर्ग 2’ अशी असेल, तर ती जमीन वतनाची, नवीन शर्तीची किंवा शासनाने दिलेली असण्याचा संभव असतो आणि सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतरण होत नाही. ‘इतर हक्क’ या सदरात कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील पाण्याचा वाटा किंवा शेजाऱ्याची वहिवाट निघते. घाईच्या खरेदीदाराची दृष्टी नेमकी तेथेच पोहोचत नाही. फेरफाराचे क्रमांक धरून मागे गेले, की ही जमीन कोणाकडून, कोणत्या वारसाहक्काने वा खताने कोणाकडे आली, याची सगळी वंशावळ उलगडते.

सुशिक्षितांमध्येही एक भ्रम दृढ आहे. मुद्रांक शुल्क भरले, अंगठे उठले, छायाचित्रे निघाली आणि दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला, म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे मानले जाते. वस्तुतः 1882 च्या कायद्याने 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीस नोंदणी आवश्यक असली, तरी विकणाऱ्याजवळ जो हक्क मुळातच नव्हता तो नोंदणीने निर्माण होत नाही. आणि महसुली दप्तरातील नोंद ही विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावयाची, एवढेच तिचे सामर्थ्य. म्हणून तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी वाचवणे ही काटकसर नव्हे.

सदनिकेच्या बाबतीत मार्ग काहीसा सुकर झाला आहे. 2016 च्या कायद्यान्वये, करारनामा नोंदवल्याखेरीज बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण येथे गणिताने मात्र जागे राहावे. 48 लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 43,200 रुपये येतो, आणि पहिल्या हप्त्यातील 36,000 रुपये निव्वळ व्याजात जातात. 60 लाखांचे तेच घर महिना 15,000 रुपये भाड्याने गेले, तर वर्षाचे उत्पन्न तीन टक्के. त्यातून मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च आणि रिकामे गेलेले महिने वजा करावयाचे. भाड्यातून हप्ता भागेल, असे ज्याने सांगितले त्याने हा हिशेब मांडलेला नसतो, किंवा मांडून झाकलेला असतो.

मुलींविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. महाराष्ट्राने 1994 साली आणि समग्र देशाने 2005 साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला; आणि तरीही लग्नानंतर माहेरी आलेल्या लेकीपुढे भाऊबंद हक्कसोडपत्र ठेवतात व ती ‘दादा म्हणतो तर’ म्हणून सही करते. स्वखुशीने हक्क सोडणे हा तिचा अधिकार आहे. परंतु आपण काय सोडतो आहोत, त्याचे क्षेत्र किती, मोल किती, हे न वाचता केलेल्या सहीला स्वखुशी म्हणण्यास माझे मन धजत नाही. मुलींच्या अर्थशिक्षणात बचतीच्या डब्याआधी हा एक दस्त शिकवावा.

हे सारे शिकवण्यास नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा ज्या जागेवर उभी आहे तिचाच उतारा, वा शहरात मिळकत पत्रिका, शिक्षकांनी वर्गात आणावी आणि मुलांकडून रकान्यामागून रकाना वाचून घ्यावा. आणि आईवडिलांना माझी विनंती आहे, की घरातील खरेदीखत कपाटात कुलूपबंद न ठेवता या सुट्टीत एकदा बाहेर काढावे, आणि चतुःसीमेपासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत ते मुलगा आणि मुलगी दोघांकडूनही मोठ्याने वाचून घ्यावे.