एका पकडींतलें काम

आपल्या स्वयंपाकघरांतलें लाटणें हें कातारी लोकांचें काम. चरकावर लांकूड फिरतें, त्याला हत्यार लागतें आणि गोल आकार येतो. लाटणें केसभर वांकडें निघालें तरी पोळीला त्याचा पत्ता लागत नाहीं. धातूच्या कामांत मात्र केसभर म्हणजे फार झालें. माणसाचा केस सुमारें सात शतांश मिलिमीटर जाड असतो, आणि लहान लेथवरील बारीक कामांत एकेका शतांशाचा हिशेब द्यावा लागतो.

अंधेरीजवळ साकीनाक्याला एका गाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवितो. त्याचा लेथ १९४१ सालीं हरिहर येथें निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा, जुना परंतु मजबूत. एकदां त्याचे शंभर पितळी बुश गिऱ्हाइकानें परत केले. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोंवतीं बसणारें नळकांडें. "मास्तर, मापें तर बरोबर आहेत," तो म्हणाला. बाहेरचा व्यास बरोबर होता, भोकाचाहि बरोबर होता. पण दोहोंचा मध्य एक नव्हता. बाहेरची बाजू कातून त्यानें बुश चकांतून काढले, उलटे धरले आणि मग भोक कातलें. पितळ गेलें, मजुरी गेली, गाळ्याचें भाडें अंगावर आलें.

तीन जबड्यांच्या चकाचे जबडे एका किल्लीनें एकदम सरकतात. सोय मोठी, पण चक झिजलेला असेल तर वस्तु पांच-दहा शतांश बाजूला बसते. चार जबड्यांच्या चकांत प्रत्येक जबडा निराळा हलतो. वस्तूला डायल लावून हातानें फेरा द्यावा. कांट्याच्या मोठ्यांतल्या मोठ्या आणि लहानांतल्या लहान आंकड्यांत जो फरक पडेल, त्याच्या निम्म्यानें वस्तु सरकवावी. बारीक सळीला कॉलेट उत्तम. ती चोहोंकडून धरते, मात्र प्रत्येक जाडीला निराळी लागते.

हत्याराचें टोक मध्याच्या उंचीवर असावें. तें खालीं राहिलें तर सळीचें तोंड सपाट करतांना मधोमध टेंगूळ उरतें. वर गेलें तर हत्यार कापण्याऐवजीं घांसूं लागतें. पातळ पट्ट्या घालून उंची साधावी. हत्यार जरुरीपेक्षां बाहेर काढूं नये, नाहींतर तें थरथरतें.

सर्वांत मोठा नियम असा कीं, ज्या भागांचा मध्य एक हवा ते एकाच पकडींत कातावे. भोक आणि बाहेरची बाजू दोन्ही झाल्यावरच बुश सळीपासून तोडावा. त्या विद्यार्थ्यानें पुढचे शंभर असेच केले आणि ते सर्व पसंत झाले.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. चकाची किल्ली चकांत असतांना तिच्यावरचा हात सोडूं नये. यंत्र सुरू झालें कीं ती किल्ली गोळीसारखी उडते.

आपल्या घरांतील एखाद्या मुलाला यंत्राची आवड असेल, तर त्याला प्रथम वस्तु धरावयास शिकवावें. मायक्रोमीटर मग द्यावा.