एका गुणाची हार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता ओझरता पाहिला असेल. धिप्पाड माणसं, लंबगोल चेंडू, अंगभर चिखल आणि एकमेकांवर ढीग होऊन पडलेले खेळाडू. हा खेळ म्हणजे रग्बी. पण आज माझं लक्ष मैदानाबाहेर बसलेल्या माणसांकडे आहे. सामना अटीतटीचा झाला आणि आपला संघ एका गुणाने हरला, तर ही माणसं काय करतात?

रग्बी आपल्याला परकी वाटते, तरी तिचा आपल्याशी एक जुना धागा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात दरवर्षी ज्या चषकासाठी सामना होतो, त्याचं नाव आहे ‘कलकत्ता कप’. कलकत्त्यातला एक रग्बी क्लब 1878 साली बंद पडला, तेव्हा त्याच्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला गेला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. आपल्या मुंबईतही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ऐन पावसाळ्यात रग्बी रंगते.

पुढचं बोलणं समजावं म्हणून खेळाचे हिशेब थोडक्यात सांगतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो, त्याचे 5 गुण. ट्रायनंतर दोन खांबांमधून चेंडू मारला की आणखी 2. समोरच्याने नियम मोडला तर पेनल्टी मिळते. ती खांबांमधून मारली तर 3. खेळ चालू असताना चेंडू टप्पा देऊन खांबांमधून मारला तरी 3. म्हणजे चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग तीस माणसांनी एकमेकांशी झुंजायचं, आणि शेवटी सगळा भार पुष्कळदा एका माणसाच्या पायावर येतो. तो चेंडू जमिनीवर ठेवतो, चार पावलं मागे जातो, खांबांकडे पाहतो. किकर धावायला लागला की चेंडू मारला जाईपर्यंत समोरच्या संघाने हात खाली सोडून स्तब्ध उभं राहायचं, असा पेनल्टीच्या वेळी नियमच आहे.

खेळाडूंसाठी नियम आहे, प्रेक्षकांसाठी काही नाही. तिथे ज्याची त्याची रीत. फ्रान्समध्ये पाहुण्या किकरला शिट्ट्या मारून हैराण करतात. आयर्लंडच्या लिमरिक गावात मात्र वेगळीच पद्धत आहे.

लिमरिक हे शॅनन नदीकाठचं गाव. आयर्लंडच्या दक्षिणेला मन्स्टर नावाचा प्रांत आहे; कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपरेरी आणि वॉटरफर्ड हे त्याचे सहा परगणे. या प्रांताचा रग्बी संघही ‘मन्स्टर’ याच नावाने खेळतो. डब्लिनमध्ये रग्बी हा बड्या फीच्या शाळांमधला खेळ समजला जातो. लिमरिकमध्ये तसं नाही. तिथे गोदी कामगार आणि डॉक्टर एकाच बाकावर बसून ओरडतात. 1995 साली रग्बी युनियन हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला, खेळाडूंना पगार मिळू लागले, आणि त्याच वर्षी युरोपातल्या क्लबांची ‘हाइनेकेन कप’ स्पर्धा सुरू झाली. पैसा आला तरी मन्स्टरच्या लोकांनी हा संघ घरचाच मानला.

माझी मुलगी नोकरीनिमित्त काही वर्षं लिमरिकला होती. तिच्याकडे गेलो असताना थॉमंड पार्क या तिथल्या मैदानावर मी तीन सामने पाहिले. पहिली गोष्ट नजरेत भरली ती ही, की दोन्ही संघांचे पाठीराखे शेजारी शेजारी बसले होते. फुटबॉलमध्ये पाहुण्यांना वेगळ्या कप्प्यात बसवतात, मध्ये पोलीस उभे असतात. इथे लाल शर्टवाला आणि निळ्या शर्टवाला एकाच पाकिटातले चिप्स खात होते. पंचांच्या प्रत्येक निर्णयावर दोघे भांडत होते, ते वेगळं.

मग पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. त्यांचा किकर चेंडू ठेवायला वाकला आणि इतका वेळ घसा फोडून गाणारे ते हजारो लोक एकाएकी गप्प झाले. कुठे तरी ‘श्श’ असा आवाज आला, एक लहान मूल काही तरी बोललं, तेवढंच. चेंडूवर बूट बसल्याचा ठोका मला वरच्या रांगेत स्पष्ट ऐकू आला. चेंडू खांबांमधून गेला, थोड्या टाळ्या पडल्या, आणि पुन्हा गदारोळ सुरू. किकर आपला असो की त्यांचा, शांतता तीच. हल्ली अधूनमधून एखादा शिट्टी मारतो, पण मग पुढच्या तीन रांगा वळून त्याच्याकडे पाहतात.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी याचं कारण विचारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्याने चुकवावं असं आम्हाला मनापासून वाटतं. पण त्याने स्वतः चुकवावं, आम्ही चुकवायला लावू नये. काही किकर म्हणतात, की गोंगाटापेक्षा ही शांतताच जास्त घाबरवते. त्यामुळे यात थोडा कावाही असेल. तरीही सौजन्य म्हणून ती टिकून आहे, हे खरं.

आता त्या एका गुणाकडे येतो. 27 मे 2000. लंडनचं ट्विकेनहॅम मैदान, हाइनेकेन कपचा अंतिम सामना. मन्स्टरविरुद्ध इंग्लंडचा नॉर्दॅम्प्टन. मन्स्टरचे पाठीराखे विमानांनी, बोटींनी, मिळेल त्या वाटेने लंडनला पोचले होते. मन्स्टरच्या डेव्हिड वॉलेसने ट्राय केला, रोनन ओ’गाराने एक ड्रॉप गोल मारला, झाले 8. नॉर्दॅम्प्टनला एकही ट्राय करता आला नाही. पण पॉल ग्रेसनने तीन पेनल्टी मारल्या, झाले 9. शेवटच्या काही मिनिटांत मन्स्टरला पेनल्टी मिळाली. मारली असती तर चषक लिमरिकला गेला असता. ओ’गारा तेव्हा 23 वर्षांचा होता. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. 9-8.

नॉर्दॅम्प्टनच्या लोकांचा आनंद विसरून चालणार नाही. 1880 साली स्थापन झालेल्या त्या क्लबचं ते पहिलं मोठं अजिंक्यपद होतं. पण हरलेल्यांचं काय? दोष द्यायला माणूस समोर तयार होता. त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, घरही माहीत होतं. ट्राय करूनही हरलो, एका किकने हरलो, असं म्हणत त्याला आयुष्यभर टोचता आलं असतं. मन्स्टरने त्याला सोडलं नाही. पुढची तेरा वर्षं, 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत, तोच त्यांचा किकर राहिला. पेनल्टी मिळाली की तेच लोक त्याच्यासाठी गप्प बसत.

2002 साली मन्स्टर पुन्हा अंतिम फेरीत गेला, कार्डिफला, लेस्टरविरुद्ध. गुण 15-9. अखेरच्या क्षणी लेस्टरच्या गोलरेषेजवळ स्क्रम मन्स्टरला मिळाला होता. पीटर स्ट्रिंगर चेंडू आत टाकत असताना लेस्टरच्या नील बॅकने त्याच्या हातातून तो अलगद टोलवला. पंचांना ते दिसलं नाही. पाठीराखे चिडले, आणि खरं सांगायचं तर आजही चिडतात. लिमरिकच्या कुठल्याही पबमध्ये हा विषय काढून बघा, रात्र पुरणार नाही. राग गिळून टाकावा असं माझं म्हणणं नाही. पण तो राग गप्पांमध्ये, विनोदांमध्ये मुरत गेला आणि पुढच्या हंगामाला लोक पुन्हा तिकिटांच्या रांगेत उभे राहिले.

त्याच पुढच्या हंगामात, 18 जानेवारी 2003 रोजी, ग्लॉस्टर थॉमंड पार्कवर आलं. बाद फेरी गाठायला मन्स्टरला चार ट्राय आणि निदान 27 गुणांचा फरक हवा होता. असा सामना पाठीराख्यांना गणिताला बसवतो. शेवटच्या मिनिटांत जॉन केलीने चौथा ट्राय केला, गुण झाले 31-6. म्हणजे फरक 25. दोन गुण कमी! आणि ते मिळवून देणारी किक पुन्हा ओ’गाराच्या वाट्याला. या वेळी चेंडू खांबांमधून गेला. 33-6, फरक बरोबर 27. तिथले लोक त्याला आजही ‘चमत्काराचा सामना’ म्हणतात.

चषक यायला मात्र 20 मे 2006 उजाडावं लागलं. कार्डिफमध्ये फ्रान्सच्या बिआरित्झविरुद्ध. मन्स्टर 20-10 असा पुढे होता, पण बिआरित्झने तीन पेनल्टी मारून 20-19 पर्यंत आणलं. पुन्हा तोच एक गुण. ज्यांना तिकिटं मिळाली नव्हती, ते हजारो लोक लिमरिकच्या ओ’कॉनेल स्ट्रीटवर मोठ्या पडद्यासमोर उभे होते. खेळ थांबलेला असताना ती गर्दी कार्डिफच्या स्टेडियममधल्या पडद्यावर दाखवली गेली. लाल रंगाने फुललेला आपल्या गावचा रस्ता पाहून स्टेडियममधले लोक पेटले, आणि खेळाडूंनीही तो पाहिला. नंतर ओ’गाराने पेनल्टी मारली आणि सामना 23-19 असा जिंकला. सहा वर्षांपूर्वी ज्याच्या पायाने घात केला, त्याच्याच पायाने गाव तारलं.

सगळ्याच हारी अशा फिटत नाहीत. 2009 च्या उपांत्य सामन्यात, कार्डिफमध्येच, कार्डिफ ब्लूज हा संघ लेस्टरविरुद्ध 26-12 असा मागे होता. शेवटच्या दहा मिनिटांत दोन ट्राय करून त्याने 26-26 अशी बरोबरी साधली. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. मग दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकेक करून खांबांमधून किक मारायच्या ठरल्या. यात ज्यांचं कामच किक मारणं नाही, त्यांचीही पाळी येते. वेल्सचा नावाजलेला फ्लँकर मार्टिन विल्यम्स याची किक चुकली, लेस्टरच्या जॉर्डन क्रेनची बसली, आणि लेस्टर 7-6 असं जिंकलं. उभी हयात चेंडू हिसकावण्यात घालवलेल्या माणसाला शेवटी अशी परीक्षा का द्यायला लावली, हा पाठीराख्यांचा सवाल रास्त होता. पुढे 2022 मध्ये मन्स्टर आणि तुलूझ यांच्यात 24-24 अशी बरोबरी झाली, तेव्हा किक मारायला प्रत्येक संघाने नेमलेले तीन-तीन किकर होते. मन्स्टर तिथेही 4-2 असा हरला. पण निदान परीक्षा ज्याच्या त्याच्या विषयाची होती.

आता थोडं आपल्याकडे पाहू. 13 मार्च 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना हातातून निसटताना दिसला, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या, आणि सामना तिथेच थांबवून श्रीलंकेला बहाल करावा लागला. आपला विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर येतानाचं दृश्य कोण विसरेल? 2007 च्या विश्वचषकात आपण बांगलादेशकडून हरलो, तर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. पण आपल्याकडेच 31 जानेवारी 1999 चं चेन्नईही आहे. पाठदुखीने बेजार सचिन 136 धावा करून बाद झाला, तेव्हा जिंकायला 17 धावा हव्या होत्या, आणि आपण 12 धावांनी हरलो. क्षणभर स्टेडियम सुन्न झालं. मग चेन्नईकर उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. हरण्याचं दुःख त्यांनाही तेवढंच होतं. म्हणजे ही रीत लिमरिकवाल्यांची मक्तेदारी नाही. आपल्या मातीतही ती उगवते, फक्त तिला पाणी घालावं लागतं.

अटीतटीच्या सामन्यात एका गुणाने हरलो की मन लगेच एक क्षण आणि एक माणूस शोधू लागतं. तो कॅच, ती किक, तो पंच. पण 9-8 या आकड्यांत त्या शेवटच्या किकइतक्याच आधी हुकलेल्या सगळ्या संधीही असतात. लिमरिकच्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे, कारण किकर एकटा उभा असतो तेव्हाची ती शांतता ते दर सामन्यात ऐकतात. त्याच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, याचा थोडा अंदाज त्यांना त्या मिनिटात येत असावा.

ओ’गाराचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तो फ्रान्समधल्या ला रोशेल संघाचा प्रशिक्षक झाला. 20 मे 2023 ला युरोपचा अंतिम सामना डब्लिनमध्ये होता, यजमान लेन्स्टर संघाच्या घरच्या मैदानावर. लेन्स्टरने पहिल्या बारा मिनिटांतच 17-0 अशी आघाडी घेतली होती. तरीही शेवटी ला रोशेल जिंकलं, 27-26. या वेळी एका गुणाची हार डब्लिनकरांच्या वाट्याला आली. ती काय असते हे ठाऊक असलेला एक माणूस तेव्हा जिंकलेल्यांच्या बाजूला उभा होता.