हुंडणावळ कोणी भरावयाची?

(अकोला येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाचा विषय कळल्यावर धारणीकडच्या एका साथीने मला सरळच विचारले, "परदेशात खाते नसताना मोबाइलवरून पैसे कसे द्यावयाचे, हा आपला प्रश्न केव्हापासून झाला? विमानाने फिरणाऱ्यांचे ते पाहून घेतील." आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून प्रथम त्यालाच उत्तर देतो, आणि त्यासाठी मला दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

परक्या मुलखात जवळ नाणे नसताना देणे कसे भागवावयाचे, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. कापूस मुंबईकडे जाऊ लागला. परंतु त्याच्या मोबदल्याची रोकड उलट दिशेने पोत्यांत भरून आणणे शक्य नव्हते. ते काम हुंडीने केले. अमरावतीच्या पेढीवर लिहिलेला कागद मुंबईच्या सराफाकडे वटत असे. दाखविताच पैसे मिळावयाचे ती दर्शनी, मुदतीने मिळावयाचे ती मुदती. पत असलेल्या गृहस्थालाच जिचे पैसे द्यावयाचे ती शहाजोग हुंडी. (आज आपण 'शहाजोग' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो ते तुम्ही जाणताच, सराफी पतीवर मराठी माणसाचा अभिप्राय यापेक्षा नेमका कोणी नोंदविला नसेल.) हुंडी हरवली तर 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत, तीही गहाळ झाली तर 'परपेठ'. ही व्यवस्था इतकी पक्की होती की, इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात न लावण्याचे कलम त्यांना त्यात घालावे लागले.

या व्यवहाराचे शुल्क म्हणजे हुंडणावळ. हा शब्द आजच्या चर्चेत तुम्ही ध्यानात ठेवावा. हुंडी सावकार लिहीत असे आणि सराफ वटवीत असे. पण हुंडणावळ शेवटी कापसाच्या भावातून कापली जाई. म्हणजे ज्या शेतकऱ्याने जन्मात हुंडी पाहिली नाही, तोच ती भरत असे.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. दुकानाच्या गल्ल्यावर चिकटविलेले ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चिन्ह १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केले. पेटंट असूनही कंपनीने त्याचा हक्क बजावला नाही, म्हणून ते जगभर पसरले. त्या चिन्हात पैसे नसतात, केवळ पत्ता असतो. पैसे हलतात ते मागच्या यंत्रणेतून. आपल्याकडे ती यंत्रणा म्हणजे यूपीआय. २०१६ मध्ये ती राष्ट्रीय देयक निगमाने उभी केली. हा निगम बँकांच्या मालकीची, नफा न वाटणारी संस्था आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २० अब्जांहून अधिक व्यवहार झाले.

देशाबाहेर ही यंत्रणा प्रथम २०२१ मध्ये भूतानला गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूरच्या पेनाऊ यंत्रणेशी तिची जोडणी झाली व दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम परस्पर पाठविण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसचा आयफेल मनोरा, श्रीलंका आणि मॉरिशस, व त्याच वर्षी नेपाळ. म्हणजे अमरावतीचा प्रवासी काठमांडूला गेला तर तेथे खाते न उघडता, अमरावतीच्या बँकेतील खात्यातूनच तेथील दुकानदाराचे देणे भागवू शकतो. हुंडीचाच हा नवा अवतार. फरक इतकाच की, मुंबईच्या सराफाला अमरावतीच्या पेढीची पत ठाऊक असे. येथे पतीची जागा खाते, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र यांनी घेतली आहे. हुंडणावळही गेलेली नाही. परकीय चलनाचा व्यवहार ज्या दराने होतो त्या दरातच ती मुरलेली असते आणि पावतीवर वेगळी दिसत नाही. चीनमध्ये अलीपे व वीचॅट यांनी २०२३ पासून परदेशी पाहुण्याला स्वतःच्या देशाचे कार्ड जोडून पैसे देण्याची मुभा दिली. तेथे २०० युआनपर्यंत शुल्क नाही आणि त्यावर तीन टक्के, असा नियम निदान उघड तरी ठेवला.

उलट बाजूही पाहा. येथे येणाऱ्या परदेशी पाहुण्याचे भारतात खाते नसते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने जी-२० देशांतून येणाऱ्या प्रवाशांना परवानगी दिली की, निवडक विमानतळांवर पारपत्र आणि व्हिसा दाखवावा, फोनमध्ये पैशांचे पाकीट घ्यावे, आणि दुकानात यूपीआयने पैसे द्यावेत. बँकेचे खाते लागत नाही. राष्ट्रप्रमुखांची परिषद त्याच वर्षी सप्टेंबरात होती. सरकारला घाई होती, आणि घाई असली की सरकारला सर्व काही जमते.

आता त्या धारणीच्या साथीकडे वळतो. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणारा कोरकू मजूर अमरावतीच्या वीटभट्टीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर पोचतो, तेव्हा तोही परक्या मुलखातच गेलेला असतो. त्याचे जनधन खाते गावाकडच्या शाखेत असते. खात्याला जोडलेला क्रमांक बहुधा जुना, हरवलेला, नाहीतर दुसऱ्याच कोणाचा असतो. तो बदलावयाचा तर मजुरी बुडवून गावी जावे लागते. अशा माणसांशी बोललात तर तुम्हांला कळेल की, आठवड्याची मजुरी मुकादमाच्या फोनवर येते आणि मुकादम ती "आपले कापून" देतो. विचारले तर म्हणतात, "त्याचाच फोन चालते ना भाऊ." हे आपले कापणे म्हणजे आजची हुंडणावळ. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधार-जोडणीनेच देण्याचे बंधन आले, तेव्हा नावातील एका अक्षराच्या चुकीने काय होऊ शकते, हेही आपण पाहिले.

ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. एकाच्या खात्यातून दुसऱ्याने, स्वतःचे खाते नसताना, एका वेळी ५,००० व महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत पैसे द्यावेत, अशी तिची रचना आहे. घरातील म्हातारी आई, शिकणारी मुलगी यांच्यासाठी ती चांगली आहे, यात शंका नाही. परंतु मूळ खातेदार मुकादम आणि दुय्यम वापरणारा मजूर, अशी जोडी झाली तर ही सोय कोणाची, याचा विचार आपण केला पाहिजे.

मी या यंत्राचा विरोधक नाही. आपल्यातील काही मंडळी मोबाइल दिसला की भांडवलशाहीची चाहूल लागल्यासारखी दचकतात; ते मला पटत नाही. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा त्याला पाठिंबा देणारे आपणच होतो. त्या बँकांच्या शाखा खेड्यात गेल्या नसत्या तर यूपीआयला जोडावयास खातीच मिळाली नसती. १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून या व्यवहारावर शुल्क घेण्यास बंदी आहे, हा चांगला निर्णय होय. परंतु सार्वजनिक पैशांनी बांधलेल्या या रस्त्यावरील रहदारीचा सुमारे चार-पंचमांश भाग फोनपे आणि गूगल पे या दोनच अॅपांच्या हाती आहे. पैकी पहिल्याची बहुतांश मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे. एका अॅपचा वाटा तीस टक्क्यांहून अधिक नसावा असे निगमाने नोव्हेंबर २०२० मध्येच ठरविले. त्याच्या पालनाची मुदत मात्र वाढवीत वाढवीत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. विमानतळावरच्या पाहुण्यासाठी जी घाई झाली, ती येथे का नाही?

तेव्हा आपली मागणी अशी असावी: पारपत्र दाखविणाऱ्याला जे पाकीट मिळते ते शिधापत्रिका दाखविणाऱ्या स्थलांतरित मजुरालाही मिळावे, ते त्याच्याच नावावर असावे, टपाल कार्यालयात काढता यावे, आणि गाव सोडूनही त्याचा क्रमांक बदलता यावा. महाराष्ट्र-गुजरातमध्ये शिधापत्रिका एकमेकांच्या राज्यात चालू लागली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. धान्य सीमा ओलांडू शकते, तर मजुरीला अडचण कोणती?

ही मागणी नुसत्या ठरावाने पुढे जाणार नाही. तिला पुरावा हवा. होळीला मेळघाटातील माणसे गावी परतलेली असतात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील साथींनी त्या आठवड्यात घरोघर जाऊन तीनच गोष्टी विचाराव्यात: मजुरी कोणाच्या फोनवर आली, हातात किती पडली, आणि मधले किती कोणी कापले. उत्तरे वहीत लिहावीत, माणसाचे नाव लिहू नये. वह्या आणल्यावर पुढचे बोलू.