बेरियास जाल तेव्हा



केंटकीतील बेरिया हे आमचे राहते गाव. तिकडे येणाऱ्यास आम्ही एवढेच सांगतो, की आरंभ दुकानांपासून करू नये; प्रथम कॉलेज पाहावे. गुलामगिरीचे वैरी जॉन फी यांनी १८५५ साली त्याचा पाया घातला. युद्धानंतर तेथे गोरे व कृष्णवर्णी एका वर्गात बसू लागले. १९०४ साली राज्याने कायदा करून ही पंगत मोडली. ती पुन्हा मांडण्यास १९५० उजाडले! संस्थापकाचे नाव फी, पण कॉलेजात फी नाही. विद्यार्थ्याने आठवड्यास निदान दहा तास काम करावयाचे. कॉलेजच्या दुकानातला झाडू त्याच्याच हातचा. तेव्हा घासाघीस करू नये.

आणखी एक धागा आपल्याकडचा आहे. कॅरल चर्चिल हे मिशनरी त्या काळच्या अहमदनगरात हातमाग सुधारीत असत. पुढे १९२२ साली पत्नी एलिनर यांच्यासह त्यांनी बेरियात विणकामाचा कारखाना काढला. २००७ साली तो बंद झाला. मागाचे कौतुक पुष्कळ होते. पण कौतुकावर विणकराची चूल पेटत नाही, हे येवल्या-पैठणच्या लोकांस आम्ही काय सांगावे?

म्हणून एकच वस्तू घ्या. पण पुऱ्या मोलाने घ्या.