कापणारीं हत्यारें आणि त्यांचीं नांवें

जव्हारच्या बाजारपेठेंत केशकर्तनाच्या दुकानीं बसलेलें गिऱ्हाईक 'मशीन मारा' असें सांगतें. 'क्लिपर्स चालवा' असें कोणी म्हणत नाहीं. घरीं नखें काढावयाचीं झाल्यास 'नेलकटर' शोधला जातो, आणि मोगऱ्याच्या छाटणीस 'सिकेटर' लागतो. इंग्रजी बोलणाराचें काम या तिन्ही ठिकाणीं 'क्लिपर्स' या एका शब्दावर भागतें. मौज अशी, कीं तो शब्द मराठींत रुळला नाहीं. मात्र त्याच्या जागीं आलेले तिन्ही शब्द परकेच! नखांसाठीं पूर्वीं न्हाव्याच्या धोकटींत नराणी असे. ती गेली, आणि तिचें नांवही बहुतेक घरांतून गेलें.

'क्लिप' म्हणजे कापणें, हा अर्थ नॉर्स भाषेंतून इंग्रजींत आला. त्याच रूपाचा दुसरा जुना शब्द कवटाळण्याचा अर्थ दाखवितो. कागद धरून ठेवणारी क्लिप त्या कुळांतली. एक क्लिप तोडते, दुसरी जोडते. एकोणिसाव्या शतकांतील वेगवान शिडाच्या जहाजांसही 'क्लिपर' म्हणत. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींपुढें त्यांचें तेज ओसरूं लागलें. कापण्याच्या हत्याराचें नांव इंग्रजींत बहुधा अनेकवचनी चालतें, कारण पातीं दोन. मराठी कात्रीलाही पातीं दोनच, पण ती आपली एकटी!

मराठीचा खरा चोखंदळपणा क्रियापदांत आहे. नखें काढतात, सुपारी कातरतात, भाजी चिरतात, मोगऱ्याच्या कळ्या खुडतात, गवत कापतात, फांदी छाटतात आणि झाड तोडतात. यांतील शेवटच्या दोहोंमधील अंतर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर केवळ व्याकरणाचें नव्हे. नागली, वरई व भात यांच्या रोपांसाठीं फांद्या, पाला व गवत वाळवून जमिनीवर जाळावयाचें, यास राब म्हणतात. ऐनाच्या फांद्या राबासाठीं छाटल्या तरी खोड जिवंत राहतें व पुन्हा पालवी फुटते. १९४८ पूर्वीं जव्हार हें संस्थान होतें, मोखाडा इंग्रजी ठाणे जिल्ह्यांत. त्या जिल्ह्यांत जंगलखात्याचे निर्बंध आले तेव्हां राबाचा प्रश्न पेटला, आणि मुंबई सरकारच्या वनचौकशी मंडळानें १८८७ च्या अहवालांत त्याचा ऊहापोह केला. १९२७ च्या वन कायद्यानें झाड पाडणें व फांद्या छाटणें हीं कृत्यें वेगवेगळ्या शब्दांनीं नोंदविलीं खरीं; पण राखीव वनांत परवानगीवांचून दोन्हींस एकाच कलमाखालीं मनाई केली.

त्या कलमाचें भाषांतर करणारानें दोन्हींस 'तोडणें' हा एकच शब्द योजिला, तर कागदावर ओळ वाचेल. उतारावर मात्र जिवंत ऐन तुटलेला ठरेल. वारली शेतकऱ्याच्या हातीं हत्यार एकच, कोयता. त्यानेंच तो फांदी छाटतो, बांबू तासतो, जळण फोडतो. आणि प्रत्येक कामास वेगळें क्रियापद वापरतो.