आपली बोली आणि आपली प्रार्थना



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी पूर्वजांच्या श्रद्धेचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच होय. ती श्रद्धा ज्या बोलीतून आपणांपर्यंत आली, तिजविषयी चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे. कारण आपली मुले हल्ली त्या बोलीची लाज बाळगू लागली आहेत.

लातूर-नांदेडकडील मनुष्य ‘मी जाऊलालो’ असे म्हणतो. हे ऐकून शहरातील सुशिक्षित हसतात आणि आपली मुले मान खाली घालितात. परंतु हा शब्द आला कोठून? ‘जाऊ लागलो’ हे दोन शब्द नित्याच्या वापराने झिजले, मधला ‘ग’ गळाला व दोहोंचा एक शब्द झाला. पुणेकर ‘जातो आहे’ याचे ‘जातोय’ करितो, तेव्हा तो तरी निराळे काय करितो? जीभ श्रम वाचविते, ही सर्वच भाषांची रीत होय. संस्कृत ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला व आज आपण ‘हात’ म्हणतो. आज जिला आपण शुद्ध म्हणतो, ती कालची अशुद्ध मानलेली बोलीच होय.

दुसरे कारण शेजार आणि राज्यसत्ता. आपल्या प्रांताच्या एका अंगास तेलुगू, दुसऱ्या अंगास कानडी. शिवाय १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. ‘कागद’, ‘वकील’, ‘जमीन’ हे शब्द फारसी-अरबीचे. ‘पाव’, ‘चावी’ व आपला ‘नाताळ’ पोर्तुगीजांचे. ‘पाद्री’ म्हणजे पिता. आणि लॅटिन ‘पातेर’, इंग्रजी ‘फादर’ व संस्कृत ‘पितृ’ ही तर एकाच आईची लेकरे आहेत.

पवित्र सभेचा अनुभवही हाच. रोम शहरात आरंभी उपासना ग्रीक भाषेत होई. लोक ग्रीक विसरले, तेव्हा लॅटिनचा अवलंब झाला. पुढे लॅटिनही लोकांच्या मुखी बदलत जाऊन इटालियन, फ्रेंच व पोर्तुगीज बनली. वेदीवर मात्र ती जुनीच राहिली. अखेर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेस द्वार उघडिले. आपल्याकडे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच गोव्यात छापले गेले होते. त्या मराठीचा अर्थ आज आपणांस सायासाने लावावा लागतो, इतकी भाषा पालटली. परंतु तारणाचा संदेश पालटला नाही.

महायाजकाच्या अंगणात गालीली बोलीवरून लोकांनी पेत्रास ओळखिले, व भयाने त्याने प्रभूस नाकारिले. पुढे पन्नासाव्या दिवशी त्याच गालीलकराने यरुशलेमेत निर्भयपणे मुख उघडिले. पवित्र आत्म्याने आधी त्याची बोली सुधारिली व मग त्यास पाठविले, असे शास्त्रात कोठेही नाही. त्याचे भय मात्र काढून घेतले.

प्रमाण मराठी शिकू नये, असे माझे म्हणणे नाही. ती अवश्य शिकावी. तिच्यायोगे सर्व महाराष्ट्राशी आपला व्यवहार होतो. इंग्रजीही शिकावी. परंतु आजी ज्या शब्दांत माळेचे मणी ओढिते, त्यांस हसू नये. मुलांनो, या ज्युबिली वर्षात वहीपेन्सिल घेऊन तिच्यापाशी बसा व तिच्या प्रार्थना, तिच्या ओव्या जशा ती म्हणते तशाच लिहून घ्या. बोली पालटावयाचीच आहे. पण ती लाजेने टाकून देणे निराळे. जिने आपणांस प्रथम ‘आमच्या बापा’ म्हणावयास शिकविले, ती बोली आपल्या घरांतून लाजेपायी नाहीशी न होवो.

परमेश्वर आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.